ब्राउझरमध्ये बुकमार्कचे शॉर्टकट हाताने बसवताना: योग्य क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

ॲड्रेस बारमध्ये एक-दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबले की हवे ते पान उघडावे, किंवा त्याच अक्षरांपुढे एखादा शब्द लिहिला की त्या संकेतस्थळावरचा शोध थेट समोर यावा, ही सोय डेस्कटॉपवरच्या बहुतेक प्रमुख ब्राउझरांत आहे. तरीही ती बसवताना अनेकांचे काम अडते, आणि अडते तेही ठरावीक जागी. लोक आधी सेटिंग्ज उघडतात, तिथल्या रिकाम्या चौकटीत ॲड्रेस बारमधला पत्ता जसाच्या तसा चिकटवतात, आणि शॉर्टकट चालला नाही की सेटिंग चुकली असे समजून तीच पुन्हा पुन्हा बदलत बसतात. खरी चूक बहुधा पत्त्यातच असते. म्हणून या लेखात पत्ता आधी घेतला आहे, अक्षरांची निवड त्यानंतर, आणि ब्राउझरमधली प्रत्यक्ष नोंद त्याच्याही नंतर. हा क्रम बदलू नये.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. या लेखात पत्त्यांतले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ब्राउझरमध्ये ते रोमन लिपीतच टाइप करायचे आहेत. शोधाच्या शॉर्टकटमध्ये एक खास खूण लागते: टक्केचिन्ह आणि त्याला चिकटून, मध्ये जागा न सोडता, रोमन लिपीतले लहान 'एस' हे अक्षर. या खुणेला पुढे सर्वत्र '%एस' असे म्हटले आहे.

## टप्पा १: कोणत्या प्रकारचा शॉर्टकट हवा ते ठरवा

प्रकार दोन आहेत. पहिला स्थिर पानाचा: अक्षरे टाइप केली की दर वेळी तेच पान उघडते, उदाहरणार्थ ईमेलची इनबॉक्स किंवा रोज भरायचा एखादा तक्ता. दुसरा शोधाचा: अक्षरे, मग एक स्पेस, मग शोधायचा शब्द, आणि त्या शब्दाचा निकाल थेट त्या संकेतस्थळावर. पहिल्याच्या पत्त्यात '%एस' नसते, दुसऱ्याच्या पत्त्यात ते असावेच लागते. एकाच संकेतस्थळासाठी दोन्ही हवे असतील तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात.

सुरुवात तीन-चार शॉर्टकटनेच करावी. एका बैठकीत वीस-पंचवीस नोंदी केल्या तर त्यांतल्या बहुतेक आठवड्याभरात विस्मरणात जातात, आणि विसरलेला शॉर्टकट नुसता पडून राहत नाही. त्याची अक्षरे कधीतरी भलत्याच शोधाच्या आड येतात. मागच्या दोन दिवसांत जी पाने पाच-सहा वेळा उघडली, तीच आधी घ्यावीत.

## टप्पा २: पूर्वतयारी

टेबलावर तीन गोष्टी तयार असाव्यात.

१. साध्या मजकुराची एक रिकामी फाइल. विंडोजवर नोटपॅड पुरेसे आहे. मॅकवर टेक्स्टएडिट वापरताना फॉरमॅट मेनूतून साधा मजकूर निवडून घ्यावा. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पत्ता कधीही दुरुस्त करू नये, कारण तो पत्त्याची आपोआप लिंक बनवतो, अवतरणचिन्हे बदलतो आणि काही वेळा वाक्याचे पहिले अक्षर मोठे करतो.

२. ब्राउझरची एक खाजगी विंडो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या तीन कळा एकत्र दाबून, तर विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ती उघडते. नेहमीच्या विंडोत आपण आधीच लॉग-इन केलेले असते, त्यामुळे तिथे चालणारा पत्ता खरोखर स्वतंत्रपणे चालतो की जुन्या लॉग-इनच्या आधारावर, हे कळत नाही.

३. कीबोर्डची भाषा बदलण्याची कळ. मराठी टंकनाचा कीबोर्ड चालू असताना पत्त्याला हात लावू नये.

इशारा: तिसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्याने घडणारी चूक इतकी सामान्य आहे की ती वेगळी सांगायला हवी. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर '%एस' ऐवजी टक्केचिन्हापुढे देवनागरी 'स' पडतो. घाईत पाहिले तर दोन्ही सारखेच वाटते; ब्राउझरला मात्र त्या जागी शब्द घालायचा आहे हे कळत नाही, आणि शोध दर वेळी त्याच निरर्थक मजकुराचा होतो.

## टप्पा ३: स्थिर पानाचा पत्ता साफ करा

हवे ते पान उघडा, कंट्रोल आणि एल दाबून संपूर्ण पत्ता निवडा, कॉपी करा आणि मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवा. पत्ता अर्धवट निवडू नये. ब्राउझर सुरुवातीचा 'एचटीटीपीएस' हा भाग बऱ्याचदा डोळ्यांआड ठेवतात. पूर्ण पत्ता निवडला तर तो भाग कॉपीत येतो, माऊसने मधूनच निवडला तर येत नाही.

आता पत्त्यात प्रश्नचिन्ह शोधा. त्याच्या डावीकडे पानाचे ठिकाण असते; उजवीकडे त्या पानाला दिलेल्या सूचना असतात, आणि त्या '&' या चिन्हाने एकमेकींना जोडलेल्या असतात. या सूचनांतल्या काही पानासाठी आवश्यक असतात, पण काही केवळ आपण कुठून आलो याची नोंद ठेवण्यासाठी असतात. 'यूटीएम' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व सूचना दुसऱ्या गटातल्या आहेत. त्या निःशंक काढाव्यात. ज्या सूचनेत 'सेशन' किंवा 'टोकन' असा शब्द आणि त्यापुढे लांबलचक अक्षरे-आकड्यांची मालिका दिसते, ती सूचना असलेला पत्ता तर मुळीच ठेवू नये. अशी मालिका काही काळाने निकामी होते, आणि निकामी होईपर्यंत ती कुणाच्या हाती पडली तर आपल्या खात्याचे दार उघडे राहू शकते.

उरलेल्या सूचनांबाबत अंदाज बांधू नये. शेवटची सूचना तिच्या आधीच्या '&' चिन्हासकट काढावी, उरलेला पत्ता खाजगी विंडोत उघडून पाहावा, पान तेच आले तर पुढची काढावी. पान बदलले की शेवटची काढलेली सूचना परत घालावी आणि तिथे थांबावे.

तपासणी: खाजगी विंडोत लॉग-इनचे पान समोर आले तर घाबरण्याचे कारण नाही. लॉग-इन केल्यावर आपल्याला हवे तेच पान उघडते का, एवढे पाहावे. मुखपृष्ठच उघडत असेल, तर शॉर्टकट लॉग-इनच्या पानाचा न करता आतल्या पानाचा करावा. पुष्कळांचे बुकमार्क नेमके इथे फसतात: लॉग-इनचे पान समोर असतानाच ताऱ्याच्या चिन्हावर क्लिक केलेले असते, आणि त्या पानाचा पत्ता एकदा वापरण्यापुरताच तयार झालेला असतो.

पैशांचे व्यवहार होणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता मेसेजमधून किंवा ईमेलमधून उचलू नये. अधिकृत कागदपत्रावर छापलेला पत्ता स्वतः टाइप करावा, आणि नोंद करण्यापूर्वी त्यातले अक्षरन् अक्षर जुळवून पाहावे. एकदा हे काळजीपूर्वक केले की पुढे दर वेळी शॉर्टकटनेच जाता येते, आणि बनावट नावाच्या पानावर पोहोचण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

## टप्पा ४: शोधाच्या पत्त्याचा साचा बनवा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, म्हणून इथे घाई करू नये.

कल्पना साधी आहे: संकेतस्थळावर जाऊन एक शब्द शोधायचा, निकालाच्या पानाचा पत्ता घ्यायचा, आणि त्या पत्त्यात आपला शब्द जिथे दिसेल तिथे त्याच्याऐवजी '%एस' लिहायचे. अडचण येते ती शब्दाच्या निवडीत. बहुतेक जण एखादा ओळखीचा मराठी शब्द घेतात आणि मग तो पत्त्यात त्यांना सापडतच नाही.

तसे का होते ते प्रत्यक्ष पाहू. समजा, 'मुंगूस' हा शब्द शोधला. ॲड्रेस बारमध्ये तो देवनागरीतच दिसेल, पण पत्ता कॉपी करून मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवला की त्या जागी टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांची लांब रांग दिसेल. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांत मांडले जाते आणि प्रत्येक तुकडा टक्केचिन्हासह तीन अक्षरांचा असतो. 'मुंगूस' या शब्दात म, उकार, अनुस्वार, ग, ऊकार आणि स अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे दिसायला तीन अक्षरी असलेला शब्द पत्त्यात ५४ अक्षरे व्यापतो. ही रांग कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे डोळ्यांनी ठरवताना एखादे अक्षर हमखास मागे राहते, आणि साचा बिघडतो.

म्हणून चाचणीचा शब्द रोमन लिपीतला, एकच, आणि अर्थहीन असावा. मी 'झेड' आणि 'क्यू' ही अक्षरे दोनदा आलटून पालटून लिहितो. अशी चार अक्षरे पत्त्यात चटकन दिसतात. शब्द अर्थहीन असण्यालाही कारण आहे. मराठी विकिपीडियावर एखाद्या शब्दाच्या नावाचा लेख अस्तित्वात असेल, तर शोधाची चौकट निकालांची यादी न दाखवता सरळ त्या लेखावर नेते. मग हाती येतो तो लेखाचा पत्ता, शोधाचा नव्हे. निरर्थक शब्दाला लेख नसतो, त्यामुळे शोधाचे पान उघडते. आणि शब्द एकच का? दोन शब्दांमधली स्पेस कुठे अधिकचिन्ह होते, कुठे टक्केचिन्हासह वीस होते. ती आणखी एक भानगड कशाला.

आता पायऱ्या घ्या.

१. संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधचौकटीत चाचणीचा शब्द लिहून एंटर दाबा.

२. निकालाच्या पानाचा पूर्ण पत्ता मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवा, आणि फाइलच्या 'फाइंड' सोयीने चाचणीचा शब्द शोधा. तो किती वेळा येतो ते मोजा.

३. एकदाच आला असेल तर पुढे चला. दोनदा आला असेल तर बरोबरच्या चिन्हाआधी काय लिहिले आहे ते पाहा. गूगलच्या शोधाच्या पत्त्यात बऱ्याचदा 'क्यू' आणि 'ओक्यू' अशा दोन सूचनांत तोच शब्द असतो. त्यांतली 'क्यू' ठेवायची आणि 'ओक्यू' पूर्ण काढायची.

४. शब्द असलेली सूचना सोडून बाकीच्या सूचना तिसऱ्या टप्प्यातल्या पद्धतीने एकेक करून काढा. मराठी विकिपीडियाच्या बाबतीत प्रश्नचिन्हानंतर 'सर्च', बरोबरचे चिन्ह आणि शब्द एवढेच उरले तरी शोध चालतो. यूट्यूबच्या पत्त्यात ही सूचना 'सर्च', खालची रेघ आणि 'क्वेरी' अशी जोडून लिहिलेली असते.

५. पत्ता अजून चालतो याची खात्री झाल्यावरच चाचणीचा शब्द पुसा आणि त्याच्या जागी '%एस' लिहा. दोन्ही बाजूंना स्पेस राहता कामा नये.

पाचवी पायरी चौथीच्या आधी करू नये. '%एस' घातलेला पत्ता थेट उघडून तपासता येत नाही, त्यामुळे नंतर काही बिघडले तर चूक काटछाटीत झाली की खुणेत, हे कळायला मार्ग राहत नाही.

इशारा: काही संकेतस्थळांवर शोध घेतल्यावरही पत्ता बदलतच नाही, किंवा त्यात शब्द कुठेच दिसत नाही. तिथे शब्द पत्त्यातून न जाता पडद्याआडून पाठवला जातो. अशा ठिकाणी या पद्धतीचा साचा बनत नाही. तासभर खटपट करण्यापेक्षा त्या शोधपानाचा स्थिर शॉर्टकट करावा आणि शब्द तिथल्या चौकटीत लिहावा.

## टप्पा ५: शॉर्टकटची अक्षरे निवडा

अक्षरे लहान असावीत हे सर्वांना ठाऊक असते. ती बोलीतल्या शब्दांशी टक्कर घेणारी नसावीत, हे मात्र लक्षात राहत नाही. शॉर्टकट म्हणून 'की' निवडले आणि पुढे कधी ॲड्रेस बारमध्ये 'की बोर्ड साफ कसा करावा' असे लिहिले, तर ब्राउझर 'की' हा शॉर्टकट समजून उरलेले शब्द भलत्याच संकेतस्थळाकडे पाठवतो. 'हा', 'ते', 'मी', 'न', 'व' यांपैकी काहीही घेऊ नये. इंग्रजीतल्या एकाक्षरी 'ए' आणि 'आय' बाबतही तेच.

दुसरा प्रश्न लिपीचा, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी हाच खरा प्रश्न आहे. शॉर्टकट रोमन आणि शोधायचा शब्द देवनागरी असेल, तर दर शोधाला कीबोर्ड मध्येच बदलावा लागतो. दोन दिवसांत त्याचा कंटाळा येतो आणि शॉर्टकट वापरणेच सुटते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या संकेतस्थळावर आपण मराठीत शोधतो त्याचा शॉर्टकट देवनागरीत असावा आणि जिथे इंग्रजीत शोधतो त्याचा रोमनमध्ये. मराठी विकिपीडियासाठी 'वप', मराठी विक्शनरीसाठी 'शब', इंग्रजी विकिपीडियासाठी रोमन 'डब्ल्यू' आणि 'पी', अशी वाटणी हाताला लवकर बसते.

देवनागरी शॉर्टकटमध्ये नुसती व्यंजने घ्यावीत. 'ॲ' सारखे अक्षर दोन प्रकारे टाइप होऊ शकते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. एका कीबोर्डवर केलेला शॉर्टकट दुसऱ्या कीबोर्डवर मग चालत नाही. जोडाक्षरे आणि नुक्ता याच कारणासाठी टाळावेत.

निवडलेली अक्षरे, संकेतस्थळाचे नाव आणि तयार पत्ता हे तिन्ही मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यात इथूनच उचलायचे आहे.

## टप्पा ६: ब्राउझरमध्ये नोंद करा

फायरफॉक्स

फायरफॉक्समध्ये शॉर्टकट बुकमार्कलाच जोडला जातो आणि त्याच्या रकान्याचे नाव 'कीवर्ड' आहे. ताऱ्याच्या चिन्हावर क्लिक केल्यावर जी छोटी चौकट उघडते तिच्यात हा रकाना नसतो, आणि तो तिथे शोधत राहणे ही फायरफॉक्स वापरणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

१. बुकमार्कच्या पट्टीवर रिकाम्या जागी राइट-क्लिक करून 'ॲड बुकमार्क' निवडा. पट्टी दिसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबा.

२. 'नेम' मध्ये संकेतस्थळाचे नाव लिहा. 'यूआरएल' मध्ये तयार पत्ता चिकटवा. 'कीवर्ड' मध्ये निवडलेली अक्षरे लिहा. 'टॅग' हा रकाना वेगळा आहे. त्यात अक्षरे लिहिली तर शॉर्टकट बनत नाही.

३. 'सेव्ह' दाबा.

आधीपासून असलेल्या बुकमार्कला कीवर्ड द्यायचा असेल तर त्यावर राइट-क्लिक करून 'एडिट बुकमार्क' निवडा. तिथे तेच रकाने दिसतात. एकच कीवर्ड दुसऱ्या पत्त्याच्या बुकमार्कला दिला तर तो आधीच्या बुकमार्ककडे राहत नाही, म्हणून नवी अक्षरे देण्यापूर्वी फाइलमधली यादी पाहावी.

फायरफॉक्समध्ये '%' पुढचा 'एस' लहान लिहिला तर शोधशब्द पत्त्याला चालेल अशा रूपात बदलून घातला जातो. मोठा लिहिला तर शब्द जसाच्या तसा घातला जातो. तिरक्या रेघा असलेला मार्ग शब्दाच्या जागी द्यायचा असेल तेव्हाच मोठा वापरावा. एरवी लहानच.

क्रोम

क्रोममध्ये बुकमार्कला कीवर्डचा रकाना नाही, त्यामुळे बुकमार्क मॅनेजरमध्ये तो शोधू नये. शॉर्टकटची जागा सेटिंग्जमध्ये आहे.

१. सेटिंग्ज उघडून 'सर्च इंजिन' या विभागात जा आणि 'मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च' निवडा.

२. पानावर 'साइट सर्च' असा भाग दिसेल. त्याच्या शेजारचे 'ॲड' बटण दाबा. मुख्य सर्च इंजिनला हात लावू नका.

३. तीन रकाने दिसतील: नाव, शॉर्टकट आणि पत्ता. तिन्ही मजकुराच्या फाइलमधून भरा. '%एस' इथे लहान अक्षरातच लिहा. 'ॲड' बटण मंद दिसत असेल तर पत्ता चुकीचा आहे किंवा तीच अक्षरे दुसऱ्या नोंदीला दिलेली आहेत.

४. स्थिर पानाचा शॉर्टकटही इथेच करता येतो. फक्त पत्त्यात '%एस' लिहायचे नाही.

त्याच पानावर शॉर्टकट टाइप केल्यावर स्पेस किंवा टॅब यांपैकी कशाने तो सुरू व्हावा याची निवड असते. तिथे 'स्पेस ऑर टॅब' ठेवले तर हात सवयीप्रमाणे चालतो. ज्यांच्या शोधवाक्यांची सुरुवात वारंवार शॉर्टकटसारखी होते, त्यांनी फक्त टॅब निवडावे. आणखी खाली 'इनॲक्टिव्ह शॉर्टकट्स' अशी यादी असते. ती भेट दिलेल्या संकेतस्थळांवरून क्रोमने स्वतः जमवलेली असते आणि 'ॲक्टिव्हेट' केल्याशिवाय चालत नाही.

सफारीमध्ये बुकमार्कला अशी अक्षरे जोडण्याची अंगभूत सोय नाही. तिथे फेवरिट्स पट्टीवर बुकमार्क ठेवून काम भागवावे.

## टप्पा ७: चार चाचण्या

नोंद झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. खालच्या चार चाचण्या याच क्रमाने कराव्यात.

पहिली: चाचणीचा तोच अर्थहीन शब्द शॉर्टकटने शोधा. क्रोममध्ये अक्षरे लिहून स्पेस दाबताच ॲड्रेस बारच्या डाव्या कडेला संकेतस्थळाचे नाव उमटले पाहिजे. फायरफॉक्समध्ये असे नाव उमटण्याची वाट पाहू नका. अक्षरे, स्पेस, शब्द आणि एंटर, एवढेच.

दुसरी: दोन शब्दांचा शोध घ्या. फक्त पहिलाच शब्द पोहोचत असेल तर साचा पुन्हा तपासून पाहा.

तिसरी: जोडाक्षर असलेला मराठी शब्द शोधा, उदाहरणार्थ 'क्षितिज'. निकालाच्या पानावरील शोधचौकटीत तो जसाच्या तसा दिसला पाहिजे.

चौथी: मध्ये '&' चिन्ह असलेला मजकूर शोधा. चिन्हानंतरचा भाग गळाला आणि आपण फायरफॉक्समध्ये मोठा 'एस' वापरला असेल, तर चूक तिथेच आहे.

विंडोजवर एंटरऐवजी ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबले तर निकाल नव्या टॅबमध्ये उघडतो. समोरचे पान न गमावता शब्द पाहायचा असेल तेव्हा ही सवय फार उपयोगी पडते.

चाचणी फसली तर: आधी कीबोर्डची भाषा पाहा, मग '%एस' मधले अक्षर देवनागरी तर नाही ना ते पाहा, मग पत्त्याच्या टोकाला चिकटून आलेली स्पेस शोधा. तिन्ही ठीक असतील तर '%एस' च्या जागी चाचणीचा शब्द परत लिहून तो पत्ता हाताने उघडा. तो उघडला तर दोष नोंदीत आहे. नाही उघडला तर चौथ्या टप्प्यावर परत जावे लागेल. शोध दर वेळी चाचणीच्याच शब्दाचा होत असेल, तर तो शब्द पुसायचा राहून गेला आहे.

## टप्पा ८: पट्टीवरची मांडणी

ज्यांना अक्षरे लक्षात ठेवायची नाहीत त्यांनी स्थिर पानांचे बुकमार्क पट्टीवर ठेवावेत. बुकमार्कचे नाव एका शब्दावर आणावे. चिन्ह पुरेसे ओळखू येत असेल तर नाव पूर्ण पुसले तरी चालते, आणि पट्टीवर दुप्पट बुकमार्क मावतात. शोधाचे साचे मात्र पट्टीवर मोकळे ठेवू नयेत. त्यांच्यावर क्लिक केल्याने काहीच उपयोगाचे उघडत नाही. फायरफॉक्समध्ये त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर करून ते आत हलवावेत. फोल्डर बदलल्याने कीवर्डला काही होत नाही.

इशारा: पत्त्याच्या जागी 'जावास्क्रिप्ट' या शब्दाने सुरू होणारा मजकूर चिकटवा, असे कुणी सुचवले तर थांबा. तो पत्ता नसतो, तो छोटा प्रोग्रॅम असतो, आणि ज्या पानावर असताना आपण त्यावर क्लिक करतो त्या पानावरचा सर्व मजकूर तो वाचू शकतो व बदलू शकतो. त्यातली ओळन् ओळ स्वतःला कळत असेल तरच तो ठेवावा, आणि बँकेच्या किंवा ईमेलच्या पानावर असताना त्यावर क्लिक करू नये.

## टप्पा ९: प्रत जपून ठेवा

क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्क एका फाइलमध्ये काढता येतात, पण साइट सर्चमध्ये केलेल्या नोंदी त्या फाइलमध्ये येत नाहीत. संगणक बदलल्यावर अनेकांना हे उशिरा कळते. दुसऱ्या टप्प्यात उघडलेली मजकुराची फाइल म्हणूनच फेकायची नाही. तीच या शॉर्टकटची खरी प्रत आहे.

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून लायब्ररी उघडावी आणि 'इम्पोर्ट अँड बॅकअप' मधून 'बॅकअप' निवडावे. या प्रतीत कीवर्डही असतात. ही प्रत 'रिस्टोअर' ने परत आणताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: रिस्टोअर जुने बुकमार्क सध्याच्या बुकमार्कांत मिसळत नाही, सध्याचे सर्व पुसून त्यांच्या जागी जुने बसवते. म्हणून रिस्टोअर करण्यापूर्वी आजची प्रत वेगळ्या नावाने काढून घ्यावी, आणि ती फाइल खरोखर तयार झाली आहे हे फोल्डर उघडून पाहिल्यावरच पुढचे बटण दाबावे.